मुलांना मुंबई दाखवायची

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या घरांत एक विषय हमखास निघतो: यंदा मुलांना मुंबई दाखवायची. खरे तर या तिन्ही शहरांतल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी रोज मुंबईला जाते. पहाटेचा डबा, पाठीवर सॅक, ठरलेली लोकल, ठरलेला ग्रुप. पण ती कामाची मुंबई. मुलांची मुंबई वेगळी असते. राणीची बाग, म्हातारीचा बूट, मत्स्यालय, गेट वे, चौपाटी. आजी-आजोबांनी ती याच क्रमाने पाहिली, आई-बाबांनी पाहिली आणि आता मुलांची पाळी आहे.

ही यादी कोणी एकाने बसून ठरवलेली नाही. दीडशेहून अधिक वर्षांत ती हळूहळू जमत गेली आणि तिच्यातले एकेक ठिकाण कोणाच्या तरी देणगीतून, सरकारी वा पालिकेच्या पैशातून, लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले. तिथपर्यंत पोहोचवणारी गाडी स्वस्त होती म्हणून आगपेटीच्या कारखान्यातला कामगार आणि कापडाचा व्यापारी यांची मुले एकाच पिंजऱ्यासमोर उभी राहिली. या सहलीचा इतिहास म्हणजे या स्वस्त, सर्वांना खुल्या जागांचाच इतिहास आहे.

सुरुवात रुळांपासून करावी लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, ३४ किलोमीटरचे अंतर. ठाण्याच्या पुढे मात्र काम अवघड होते. खाडीवर पूल बांधायचा होता, पारसिकचा डोंगर फोडायचा होता. ते उरकून १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली आणि १८५६ साली उल्हास नदीच्या खोऱ्यातून वर चढत खोपोलीपर्यंत गेली. अंबरनाथ आणि बदलापूरची शिवारे या दुसऱ्या टप्प्यात रुळांना लागली. उल्हासनगर तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

तोवर या खोऱ्यातून मुंबई गाठायची तर बैलगाडीने कल्याण आणि तिथून खाडीतल्या होडीने पुढे. तान्हे पोर कडेवर घेऊन केवळ शहर पाहायला असा प्रवास कोण करणार? कामाशिवाय, लग्नकार्याशिवाय, औषधपाण्याशिवाय मुंबईला जाण्याची कल्पना गाडी आल्यावरच सुचू शकली. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीत एखाद्या शहराची इतकी तपशीलवार ओळख करून देणारे पुस्तक आधी नव्हते. मुंबई ही पाहण्याची गोष्ट झाली होती आणि ती पाहण्यासाठी गाडीही होती.

माणसांची ये-जा मात्र आधी उलट्या दिशेनेही तितकीच झाली. अंबरनाथचे शिवमंदिर मुंबईच्या विद्वानांच्या आटोक्यात आले ते या रुळांमुळे. काळ्या पाषाणातले हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांनी बांधले. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचे, वर उघडे आकाश. १८६८ साली सरकारने त्याची रेखाचित्रे आणि शिल्पांचे साचे करवून घेतले. त्याच सुमारास मंदिरातला शिलालेख वाचण्याचा प्रयत्न मुंबईच्या एका डॉक्टरने केला. त्यांनी त्यातला शके ७८२ असा वाचलेला आकडा पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी दुरुस्त करून शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा लावला आणि तोच आज मान्य आहे. लेख मुम्मुणी राजाच्या काळातला.

ते डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड.

राणीच्या बागेच्या दारातच जे जुने, देखणे संग्रहालय लागते त्याला आज त्यांचेच नाव आहे. अंबरनाथहून मुलांना घेऊन गेलेले कुटुंब ज्या इमारतीसमोर पाणी प्यायला थांबते, तिच्या नावाचा मालक दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या देवळातला दगड वाचत होता. हा धागा अंबरनाथच्या मुलांना सांगण्याजोगा आहे. संग्रहालयासाठी झटणाऱ्यांत भाऊ दाजींबरोबर नाना शंकरशेठ होते आणि मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांतही नाना होतेच. म्हणजे मुलांना मुंबईला नेणारी गाडी आणि मुंबईत त्यांनी पाहायचे पहिले ठिकाण, दोन्हींमागे थोडीफार तीच माणसे उभी होती.

बाग आधी, संग्रहालय नंतर. भायखळ्याच्या बागेचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची म्हणून ती लोकांच्या तोंडी राणीची बाग झाली आणि १९८० साली वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नामकरण झाल्यावरही तोंडातले नाव सुटले नाही. मुळात ती वनस्पतींची बाग होती. वाघ-सिंह, हरणे, माकडे यांची भर नंतर पडली, आणि मुलांच्या लेखी बाग म्हणजे प्राणी असे समीकरण तेव्हापासून बसले. पण मोठ्यांनी मान वर करून पाहिले तर तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. त्यांत आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिचे खोड पाहून मुले हात जोडून वेढा घालू लागतात आणि हात अपुरे पडतात.

संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांना खुले झाले. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले आणि पाच वर्षे चाललेल्या दुरुस्तीनंतर जानेवारी २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. लहान मुलांना इथे सगळ्यात जास्त धरून ठेवतात ती मातीची चिमुकली माणसे. कुंभार, सुतार, वेगवेगळ्या जातीजमातींचे मुंबईकर, त्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या, गलबतांच्या प्रतिकृती. काच मुलांच्या नाकाच्या उंचीवर येते आणि तिच्यावर बोटांचे ठसे उमटत राहतात.

बाहेरच्या अंगणात दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरी बेटाचा. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचे घाटत होते. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि तो मुंबईतच राहिला. पुढे ते तुकडे जोडून तो इथे उभा केला गेला. बागेतच काळा घोडाही आहे. फोर्टातल्या ज्या चौकाला अजून काळा घोडा म्हणतात, तिथला राजपुत्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवून इथे आणला. एरवी मुले जिवंत प्राणी पाहायला येतात, पण दगडाच्या आणि धातूच्या या दोन प्राण्यांनी शहराचा जितका इतिहास पाहिला, तितका पिंजऱ्यातल्या कोणी पाहिलेला नाही.

भायखळा या सहलीसाठी सोयीचे ठरण्याचे साधे कारण म्हणजे ते मध्य रेल्वेवर आहे. गाडी बदलायची नाही, दादरचा पूल चढायचा नाही. स्टेशन पहिल्या गाडीच्या काळातले, इमारत १८५७ ची, आणि तिच्या जपणुकीच्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पूर्वेकडे उतरून चालत दहा-बारा मिनिटांत बाग. कडेवर एक आणि बोटाला एक मूल असलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

ज्यांनी ही वाट तुडवली ती माणसे तीन शहरांत तीन वेगवेगळ्या वाटांनी आली.

अंबरनाथला कारखान्यांनी वसवले. स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या विमकोचा आगपेट्यांचा कारखाना इथे १९२० च्या दशकात आला, स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आली, मग औद्योगिक वसाहत. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून आणि देशाच्या इतर भागांतून आलेली कुटुंबे कंपनीच्या वसाहतींत आणि चाळींत राहू लागली. पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली. दिवाळीचा बोनस हातात पडला की एक दिवस मुलांसाठी मुंबई, हा हिशेब या घरांत बसला.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा देण्यात आली आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच कॅम्प, लांबच लांब बराकी, मध्ये पडदे लावून केलेले संसार. यातली पुष्कळ कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबईच्या बंदरात उतरली होती. म्हणजे त्यांच्या मुलांनी मुंबई पाहिली ती सहलीला जाऊन नव्हे. बोटीच्या कठड्यावरून ओझरती पाहिली आणि मग गाडीत बसून तिच्यापासून दूर, कल्याणच्या छावणीकडे आली.

पुढची काही वर्षे या घरांसाठी मुंबई म्हणजे विकायचा माल आणि शोधायचे काम. लोकलमध्ये पापड, गोळ्या-बिस्किटे विकणारी पोरे याच बराकींतली होती. पाच-दहा वर्षांनी दुकाने लागली, यंत्रे आली, फर्निचर आणि कापडाचा बाजार उभा राहिला, तेव्हा कुठे सुट्टीचा दिवस हा खरोखर सुट्टीचा झाला. ज्या मुलांनी लोकलमध्ये माल विकला होता, त्यांनी आपल्या मुलांना त्याच लोकलच्या खिडकीत बसवून मुंबई दाखवली. या सहलीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल आहे आणि तो फार थोड्या ठिकाणी लिहिला गेला आहे.

बदलापूरला वस्ती वाढली ती मुंबईतून बाहेर पडलेल्यांची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या खोल्या विकून किंवा भावाच्या नावे करून अनेक कुटुंबे कल्याणच्या पलीकडे सरकली. स्वस्त घर आणि मोकळी हवा मिळेल असे शेवटचे स्टेशन म्हणजे त्यांच्यासाठी बदलापूर. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि उल्हासनगरची पाच लाखांवर.

या गिरणगावच्या मंडळींसाठी मुलांना मुंबई दाखवणे म्हणजे आपले घर दाखवणे होते. राणीची बाग त्यांच्या लहानपणी संध्याकाळी पायी जाण्याची जागा होती. आता तीच बाग ६० किलोमीटर लांब होती. म्हणून सहलीला जोडूनच लालबागच्या काकांकडे जेवण, परळच्या मावशीकडे मुक्काम. गणपतीत तर बेत ठरलेलाच. १९३४ पासून बसणारा लालबागचा राजा, गणेशगल्ली, चिंचपोकळीचा चिंतामणी, आणि विसर्जनाच्या रात्री मध्य रेल्वेच्या जादा गाड्या. खांद्यावर झोपलेली मुले घेऊन पहाटे बदलापूरला उतरणारी ही गर्दी दर वर्षी दिसते.

माणसे वेगळी असली तरी प्रवासाची विद्या तिन्ही शहरांनी मिळून तयार केली. तिचे पहिले कलम म्हणजे डब्यात जागा मिळवणे. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीला मुंबईकडे जाणारी गाडी आधीच भरून येते. म्हणून लोक उलट दिशेची अंबरनाथ किंवा बदलापूर लोकल पकडतात, तिकीट तिथले काढतात आणि तीच गाडी परत फिरली की बसल्या जागेवरून मुंबईला जातात. याला डाऊन करणे म्हणतात. रोजचे प्रवासी हे करतात, पण मुले बरोबर असली की ज्यांना रोज उभे राहायची सवय आहे तेही त्या दिवशी डाऊन करतात. खिडकी मुलांना, तिघांच्या बाकावरची चौथी सीट बापाला.

दुसरे कलम वेळेचे. सकाळी साडेदहाच्या आत मुलांना घेऊन कोणी चढत नाही आणि परतताना एकतर चारच्या आधीची गाडी, नाहीतर सरळ रात्री नऊनंतरची. मधल्या वेळेत कर्जतची फास्ट दादरला कशी भरते हे ज्याने पाहिले आहे तो मुलांना त्या दारात उभे करणार नाही. रविवारी गर्दी कमी, पण रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठीचा मेगाब्लॉक. बुधवारी राणीची बाग आणि तिथले संग्रहालय बंद, सोमवारी तारांगण बंद. हे सगळे जुळवून उरलेला दिवस हा सहलीचा दिवस. महिला डब्यात आईबरोबर लहान मुलगे चालतात, त्यामुळे पुष्कळदा कुटुंब दोन डब्यांत विभागून जाते आणि भायखळ्याच्या फलाटावर पुन्हा एकत्र येते.

तिसरे कलम नाजूक आहे. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी सर्वांत खालच्या वर्गाचा किमान एक राखीव डबा सक्तीचा केला आणि गाडी ५० मैलांहून अधिक पळणार असेल तर त्या डब्यात शौचालयही असलेच पाहिजे असे म्हटले. मुंबई ते बदलापूर अंतर सुमारे ६८ किलोमीटर, म्हणजे ४२ मैल. मर्यादेच्या जरा अलीकडे. विजेच्या लोकलमध्ये तर शौचालयाची सोयच नाही. दीड तासाच्या प्रवासात तीन वर्षांच्या मुलाने मध्येच हट्ट धरला की कुर्ला नाहीतर ठाण्याला उतरणे आले, आणि उतरले की जागा गेली. म्हणून घरातून निघताना आणि फलाटावर शिरताना मुलांना दोनदा विचारण्याची रीत पडली. या तिन्ही शहरांतल्या आयांना कायद्याचे कलम ठाऊक नसेल, त्याचा परिणाम मात्र पाठ आहे.

चौथे कलम शिदोरीचे. मराठी घरांत दशम्या, बटाट्याच्या काचऱ्या, लसणीची चटणी, घोटभर लिंबाचे सरबत. दशमी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते, मुलाच्या हातात गुंडाळी करून देता येते आणि दुसऱ्या दिवशीही चालते. सिंधी घरांत त्याच कामाची कोकी. गव्हाच्या पिठात तेलाचे मोहन, कांदा, मिरची घालून जाडसर लाटलेली, तव्यावर दोनदा भाजलेली. मुलांसाठी गोड लोला. दोन्ही पदार्थ प्रवासासाठीच जन्माला आल्यासारखे आहेत, आणि राणीच्या बागेतल्या झाडाखाली दोन्हींचे डबे शेजारीशेजारी उघडले गेले आहेत. उल्हासनगर-अंबरनाथच्या शेजारांत कोकी मराठी घरांत गेली ती अशाच देवाणघेवाणीतून.

या प्रवासात मुलांसाठी एक क्षण राखीव असे. १९१६ साली पारसिकच्या डोंगरातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा पुरा झाला आणि जलद गाड्या त्यातून जाऊ लागल्या. कल्याण सुटले, डोंबिवली, दिवा मागे पडले की डब्यातली मुले तयार होत. अंधार झाला रे झाला की एकच किंकाळी. एका डब्याची दुसऱ्या डब्याला, मग तिसऱ्याला. मोठी माणसेही त्यात सामील होत. बोगदा संपला की डोळे दिपवणारा उजेड आणि खाडीचे पाणी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळवण्यात आल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेला. आज पाच वर्षांच्या असलेल्या मुलांच्या वाट्याला लोकलमधली ती किंकाळी आलेली नाही.

पावसाळ्यात मात्र हे सारे बंद. उल्हास नदी आणि वालधुनी यांच्या पुराची या तिन्ही शहरांना ओळख आहे. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून सुखरूप बाहेर काढावे लागले, त्यांत गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुलेही होती. जून ते सप्टेंबर मुलांना घेऊन मुंबईला जायचे नाही, हा नियम या भागात अंगवळणी पडला तो असल्या अनुभवांतून.

राणीच्या बागेनंतरची ठिकाणे यादीत आली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. फोर्टातले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १० जानेवारी १९२२ रोजी उघडले होते, गेट वे ऑफ इंडिया ४ डिसेंबर १९२४ रोजी, मलबार टेकडीवर पाण्याच्या टाक्यांच्या माथ्यावरची फिरोजशाह मेहता बाग तर १८८१ च्या सुमाराची. पण ही मोठ्यांची ठिकाणे. मुलांना डोळ्यांसमोर ठेवून शहराने बांधायला घेतले ते १९५० नंतर. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तारापोरवाला या पारशी दात्याने त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. पुढच्याच वर्षी मलबार टेकडीवर कमला नेहरू पार्क झाला आणि त्यात म्हातारीचा बूट आला. जिन्याने वर चढायचे, बुटाच्या वरच्या सज्जातून खाली चौपाटीची कमान पाहायची. मूल कोणत्याही शाळेतले असो, इंग्रजी बालगीत येवो न येवो, बुटात राहणारी म्हातारी त्याला समजते.

तिथपर्यंत नेणारे वाहनही सहलीचा भागच होते. ट्राम ९ मे १८७४ रोजी घोड्यांवर सुरू झाली, १९०७ साली विजेवर गेली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची धावली. तिच्यात बसलेले आजोबा अजून काही घरांत आहेत. १९३७ पासून दुमजली बस होती. वरच्या मजल्यावर सर्वांत पुढची सीट मिळावी म्हणून दोन-तीन बसगाड्या सोडून देणारी कुटुंबे बोरीबंदरच्या थांब्यावर दिसत. डिझेलवरची शेवटची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. आता विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बस आहेत. पुढची सीट अजून तितकीच हवीहवीशी असते. व्हिक्टोरिया घोडागाड्यांवर २०१५ साली उच्च न्यायालयाने बंदीचा निकाल दिला. घोड्यांच्या हालांकडे पाहता तो योग्यच होता.

वरळीला ३ मार्च १९७७ रोजी नेहरू तारांगण आणि १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र सुरू झाले, तेव्हा शाळांच्या सहलीही या मार्गाला लागल्या. पालकांना न परवडणारी किंवा न जमणारी मुंबई शाळेने दाखवली. अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिकेच्या आणि खासगी शाळांतल्या कित्येक मुलांनी घुमटावरचे आकाश आयुष्यात पहिल्यांदा पाहिले ते वहीत नोंदी करायच्या अटीवर. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड आले आणि सहलीला पहिल्यांदा मोठ्या तिकिटाचे ठिकाण मिळाले. इथून पुढे दोन वाटा झाल्या. ज्यांना परवडते त्यांची मुले झुल्यांवर, बाकीच्यांची बागेत.

बागही आता पूर्वीच्या भावात राहिलेली नाही. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, मार्च २०१७ मध्ये ते लोकांना पाहायला मिळाले आणि गर्दी उसळली. तोवर मोठ्यांना पाच आणि मुलांना दोन रुपये तिकीट होते. १ ऑगस्ट २०१७ पासून ते ५० आणि २५ रुपये झाले. आई, बाबा आणि दोन मुले अशा चौघांसाठी १०० रुपयांचे कुटुंब तिकीट ठेवले गेले, ही त्यातली समजूतदार तरतूद. पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या बराकीत आजी-आजोबा, काका-काकू आणि पाच मुले एकत्र राहतात. त्यांचे कुटुंब चौघांत बसत नाही.

एवढ्या पैशांत प्राण्यांची निगा नीट राखली जाते, बाग स्वच्छ असते, हे खरेच आहे. पेंग्विनांसाठी थंड हवेचा कक्ष चालवायला पैसा लागतो. तरीही ही सहल दीडशे वर्षे टिकली ती तिकीट नगण्य होते म्हणून, हे विसरून चालणार नाही. मत्स्यालयाला दोन लाख देणाऱ्या दात्याने आणि संग्रहालयासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांनी जी मुले डोळ्यांसमोर ठेवली होती, त्यांत विमकोच्या चाळीतले मूल होते आणि बराकीतलेही. रेल्वेपुरते तरी हे तत्त्व आजवर सांभाळले गेले आहे. १ जुलै २०२५ च्या भाडेवाढीतून उपनगरी गाड्या वगळण्यात आल्या. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बाराच्या आत अर्धे.

पैशांपेक्षाही मोठी अडचण आता गर्दीची आहे. कल्याणच्या पलीकडची वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने रूळ वाढले नाहीत. आता साडेदहाची गाडीही रिकामी येत नाही. फलाट आणि पायदान यांच्यातली पोकळी कमी करण्यासाठी २०१४ नंतर फलाटांची उंची वाढवण्याचे काम झाले, सरकते जिने आणि उद्वाहक आले, त्याने मुले आणि म्हातारी माणसे यांना खरोखर मदत झाली. पण चढताना मुलाचा हात सुटेल ही धास्ती गेलेली नाही. त्यामुळे सहलीचा दिवस अनेक घरांत आता ठाण्याच्या किंवा कल्याणच्या मॉलमध्ये संपतो. तिथे पार्किंग आहे, शौचालय आहे, गारवा आहे. समुद्र नाही, काळा घोडा नाही, भाऊ दाजींची मातीची माणसे नाहीत.

यावर उपाय अवघड नाहीत आणि ते मागण्याचा हक्क या तिन्ही शहरांना आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत दुपारच्या वेळी बदलापूरहून मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी एक-दोन जादा गाड्या. स्टेशनांवर मुलांना नेता येईल अशी, वापरण्याजोगी शौचालये. राणीच्या बागेत एकत्र कुटुंबालाही परवडेल असे तिकीट, आणि पालिका शाळांतल्या मुलांना वर्षातून एकदा मोफत प्रवेश. त्याबरोबर उलट्या दिशेचीही एक वाट खुली करता येईल. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेला लाखो माणसे येतात, पण एरवी हजार वर्षांचे हे मंदिर मुंबईच्या शाळांच्या सहलींच्या यादीत क्वचितच असते. मंदिराजवळची वालधुनी नदी स्वच्छ झाली, मंदिराभोवती मुलांना कळेल अशी माहिती लावली गेली आणि स्टेशनापासून चालण्याजोगा रस्ता मिळाला, तर भायखळ्याच्या मुलांनाही सकाळच्या रिकाम्या डाऊन गाडीने दीड तासात अंबरनाथला येता येईल आणि भाऊ दाजींनी वाचलेला शिलालेख ज्या देवळातला, ते देऊळ पाहता येईल.